शंभर दाण्यांचा हिशोब

घरच्या सोयाबीनची उगवण तपासली, सातवीतल्या पोरीला सोबत घेऊन. प्रत्येक पोत्यातलं मूठभर बी एकत्र केलं, न निवडता 100 दाणे घेतले, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडले. सहाव्या दिवशी पहिल्या ओळीत 9 कोंब. पोर म्हणाली, "90 टक्के!" म्हटलं, सगळ्या ओळी मोज. एका ओळीत तर 5च निघाले. एकूण 72.

म्हणजे दाणा उगवायची शक्यता 100 पैकी 72. दहावरच विसंबून बी कमी टाकलं असतं, तर रान विरळ झालं असतं. 70 च्या वर आहे, म्हणून एकरी 30 किलो धरलं. पण हा अंदाज गोणपाटावरचा; 75-100 मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. तुमचे शंभरातले किती उगवले?