पाण्यानं वेढलेल्या गावाचा दवाखाना

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांना समुद्र नाही. तरी सार्वजनिक आरोग्याच्या नोकरीत माझी बरीच वर्षं बेटांवरच्या माणसांमागे गेली. काही बेटं बारमाही आहेत. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय भरला तशा कोयना, सोळशी, कांदाटीच्या खोऱ्यातल्या जुन्या वाटा पाण्याखाली गेल्या. पलीकडच्या वाड्यांच्या पाठीला सह्याद्री उरला आणि पुढ्यात पाणी. तापोळा, बामणोलीहून सुटणारी लाँच हाच त्यांचा रस्ता झाला. दुसरी बेटं आठवडाभराची. कृष्णा-वारणेला महापूर आला की पलूस, वाळवा, मिरज तालुक्यांतली गावं एकेक करून तुटतात. भिलवडी, अंकलखोप, ब्रह्मनाळ, कणेगाव, भरतवाडी. टीव्हीवर ही गावं वरून दिसतात तेव्हा फक्त छपरं आणि झाडांचे शेंडे असतात.

बारमाही बेटावरच्या लोकांना जे उपजत कळतं, ते आठवड्याच्या बेटावर पोचवायचं कसं, हा माझ्या कामातला मुख्य प्रश्न राहिला आहे. कांदाटी खोऱ्यात नववा महिना लागलेली सून कुणी न सांगता मेढ्याला नाहीतर साताऱ्याला नातेवाइकाकडे जाऊन राहते. म्हाताऱ्याच्या बीपीच्या गोळ्या पावसाआधी घरात येऊन पडतात. वारं सुटलं, धुकं उतरलं की लाँच नाही, हे पोरासोरांना माहीत असतं. ‘गाडी कधी येईल’ असं तिथं कुणी विचारत नाही. गाडी येणार नाही हे धरूनच घर चालतं. शासनाने आदिवासी भागांत बाळंतपणाआधी येऊन राहण्यासाठी ‘माहेरघर’ योजना आणली, तिच्यामागचा विचार हाच. सांगलीच्या पूरपट्ट्यात मात्र वर्षातले ५१ आठवडे दारात एस.टी. येते, हाकेच्या अंतरावर मिरजेसारखी दवाखान्यांची पेठ आहे. म्हणून उरलेल्या एका आठवड्याची तयारी कुणाच्याच मनात नसते.

सांगलीकर पावसाळ्यात सकाळी उठला की पहिला प्रश्न विचारतो, ‘आयर्विनला किती फूट?’ १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २००५ साली पाणी ५३ फुटांवर गेलं आणि लोकांनी तोच आकडा मनात पक्का केला. घराघरांत भिंतीवर त्या पाण्याची रेघ होती, आणि ‘पाच सालाला इथवर आलं होतं, याच्या वर काय येतंय’ हा त्यावरचा निकाल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. जुन्या रेघेच्या भरवशावर थांबलेली माणसं माळ्यावर आणि मग पत्र्यावर अडकली.

त्याच पुरात, ८ ऑगस्टला, कृष्णा-येरळेच्या संगमाजवळच्या ब्रह्मनाळमध्ये माणसं घेऊन निघालेली बोट उलटली. १७ जण गेले, त्यात बायका-मुलं बरीच. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती, हे सगळ्यांनी लिहिलं. पण माणसं अशी गर्दी का करतात, याचं उत्तर सूचनाफलकावर सापडत नाही. पुढची फेरी येईल याची खात्री नसलेला माणूस याच फेरीत चढणार. लाइफ जॅकेट हवंच, बोटीवर क्षमता रंगवलेली हवीच. पण काठावर उभं राहून ‘अजून चार फेऱ्या आहेत, तुमचा नंबर तिसरीत’ असं सांगणारा, गावच्या ओळखीचा माणूस त्याहून आधी हवा. त्याच्या हातात यादी पाहिजे, आणि त्याने स्वतः शेवटच्या फेरीत बसायला पाहिजे.

आता लोक वेळेवर का निघत नाहीत, त्याबद्दल. सरकारी सल्ल्यात एक वाक्य हमखास असतं: ‘सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे.’ नदीकाठच्या एका गावात हे मी घसा कोरडा होईस्तोवर सांगत होते, तेव्हा एक आजोबा शांतपणे म्हणाले, ‘मॅडम, तुमचं पटतंय. पर माझी म्हस गाभण हाय. तिला कुठं बांधू तेवढं सांगा, मग निघतो.’ माझ्याकडच्या छापील पत्रकात म्हशीचा उल्लेखच नव्हता. या पट्ट्यात घराचा रोजचा खर्च दुधावर चालतो. गोठ्यात चार जनावरं असताना घरचा कर्ता निघत नाही, तो नाही म्हणून त्याची आई निघत नाही, आणि आईची इन्सुलिनची बाटली बंद पडलेल्या फ्रीजमध्ये राहते. जनावरांची छावणी, चारा, पाणी हा पशुसंवर्धन खात्याचा विषय आहे, असं आमच्या बैठकांत म्हटलं जातं. माझ्या मते तो आरोग्य खात्याचा पहिला विषय आहे. ज्या गावात ‘जनावरं अमुक माळावर, चारा तिथं पोचलाय’ ही दवंडी आधी फिरते, ते गाव माणसांसाठी बोट मागायच्या आत मोकळं होतं. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा चढलं तेव्हा अनेक गावांनी जनावरं आधी हलवली, मग माणसं, आणि तो पूर पुष्कळ कमी जीव घेऊन ओसरला.

इथं सांगलीला एक सवलत आहे, जी वरच्या पाटण तालुक्याला नाही. कोयनेतून सोडलेलं पाणी कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावरून सांगलीत यायला वेळ घेतं. तेवढा वेळ हाती असतो. २०२१ मध्ये २२ जुलैच्या सुमारास महाबळेश्वरला एका दिवसात ५९० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. त्याच पावसात पाटणमधल्या आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर घरांवर आले. तिथं फूट मोजायला पूल नव्हता. डोंगराला नव्या भेगा, उताराच्या झऱ्याचं पाणी अचानक गढूळ, झाडं कलंडलेली, एवढ्याच खुणा. त्या दिसल्या की रात्र होण्याआधी बाहेर पडायचं, यापलीकडे त्या गावांना देण्यासारखा सल्ला माझ्याकडे नाही.

पूर म्हटलं की वर्तमानपत्रांना साथ आठवते. प्रत्यक्षात पहिल्या तीन-चार दिवसांत साथीनं कुणी फारसं दगावत नाही. दगा देतो तो तुटलेला उपचार. डायलिसिसवरच्या रुग्णाला आठवड्यातून दोन-तीनदा मशीनवर जावं लागतं; त्याला आठ दिवसांचं बेट परवडत नाही. त्यानं ४० फुटांची वाट पाहू नये, पाणी पात्राबाहेर येण्याची लक्षणं दिसताच मिरजेत नाहीतर उंचावरच्या नातेवाइकाकडे जावं. तसंच नववा महिना लागलेल्या बाईनं. फिट्सच्या गोळ्या, टीबीची औषधं एक दिवसही चुकवायची नाहीत. वीज गेली तर इन्सुलिनची बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ओल्या मडक्यात ठेवावी. वापरात असलेली बाटली अशा गारव्यात साधारण चार आठवडे टिकते. आशाताईंच्या वहीत ही सगळी नावं असतात. ती यादी मे महिन्यात ग्रामपंचायतीच्या हाती असली तर बोटीच्या पहिल्या फेरीत कोण, यावर वाद राहत नाही.

मग साप. पुरात त्यांचीही घरं बुडतात आणि तेही कोरडी जागा शोधत आपल्या माळ्यावर, गंजीत, शेणीच्या उडव्यात येतात. मण्यार रात्री झोपेत चावते आणि खूण किंवा वेदना जवळजवळ नसते. पहाटे पोटात दुखतंय, पापण्या जड झाल्यात असं कुणी म्हणालं तर ते अपचन समजू नये. चावलेला पाय हलवायचा नाही, आवळून बांधायचा नाही, चिरा द्यायचा नाही. प्रतिविष सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. देवऋषाकडे गेलेला तासच बहुतेकदा जीव घेतो.

पाणी उतरू लागलं की खरी आजारपणं सुरू होतात, आणि तेव्हा नेमकी मदतीची वाहनं परतीला लागलेली असतात. लेप्टोस्पायरोसिसचा ताप साधारण पाच ते चौदा दिवसांनी येतो. चिखलात अनवाणी गोठा साफ केलेला, पायाला भेग असलेला माणूस ताप, लाल डोळे आणि पोटऱ्यांत असह्य दुखणं घेऊन आला तर त्याला अंगदुखीची गोळी देऊन घरी पाठवणं धोक्याचं. चिखलात राबणाऱ्यांना प्रतिबंधासाठी आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिन देतात, पण डॉक्टरांना विचारूनच. गरोदर बाई आणि लहान मुलांना ती चालत नाही.

आणि टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. पूर ओसरल्यावर गल्लीबोळांत तिचे पांढरे पट्टे मारताना पुढाऱ्यांचे फोटो निघतात. त्या पट्ट्यांनी वास येतो, बाकी काही होत नाही. तीच पावडर विहिरीत आणि टाकीत हवी. हजार लिटरला साधारण ५ ग्रॅम, आधी बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन वरची निवळी टाकीत, आणि मग किमान अर्धा तास थांबायचं. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. ओल्या खोलीत तोंड उघडं ठेवलेल्या पोत्यात तो उडून जातो. २० टक्क्यांखाली गेलेली पावडर टाकली काय आणि न टाकली काय. म्हणून शेवटच्या नळाला ओटी, म्हणजे ऑर्थोटोलिडिन, टेस्ट करायची. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. पुरात बुडालेला हातपंप निर्जंतुक करून, बरंच पाणी उपसून टाकल्याशिवाय त्याचं पाणी पिऊ नये. जुलाब लागले तर ओआरएस. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

बेटावरच्या आरोग्यसेवेचा इतिहास वाचताना स्कॉटलंड भेटतं. तिथल्या वायव्येकडच्या बेटांवर आणि डोंगराळ मुलुखात डॉक्टर टिकत नव्हता, कारण रुग्ण गरीब आणि एका भेटीला दिवसभराचा होडीप्रवास. १९१२ मध्ये ड्यूअर समितीने याची पाहणी केली आणि १९१३ पासून सरकारने त्या डॉक्टरांना किमान उत्पन्नाची हमी, प्रवासखर्च आणि राहायला बरं घर द्यायला सुरुवात केली. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा त्यानंतर ३५ वर्षांनी आली. आपल्याकडेही ब्रह्मपुत्रेच्या चरांवर, म्हणजे पात्रातल्या वाळूच्या बेटांवर, बोटीतले दवाखाने फिरतात. मला यात बोटीपेक्षा प्रवासखर्च महत्त्वाचा वाटतो. आमच्या खोऱ्यांतली आरोग्यसेविका लाँचचं भाडं खिशातून भरून लसीचा डबा नेते, आणि बिल पास व्हायला वर्ष उलटतं. नवी बोट आली की उद्घाटन होतं. तिचं डिझेल आणि नावाड्याचा पगार मात्र कोणत्या खात्यातून, हे वर्षभरात कुणी विचारत नाही.

हा अंक तुमच्या हाती येईल त्या सुमारास पावसाळ्यानंतरची पाणीस्रोतांची पाहणी झालेली असेल. प्रत्येक ग्रामपंचायतीला तिच्या निकालावरून लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. लाल म्हणजे धोका जास्त. गावी दिवाळीला आला असाल तर फराळ झाल्यावर ग्रामपंचायतीत एक चक्कर मारा. आपल्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं आहे ते विचारा, टीसीएलचं पोतं कुठं ठेवलंय ते बघा, आणि पुढच्या पुरात जनावरं कोणत्या माळावर जाणार हे ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या.