शर्यतीची गाडी काढा पाहू!

दोस्तांनो, एक गंमत करा. कागद-पेन्सिल घ्या आणि शर्यतीची मोटार काढा. झाली काढून? आता तुम्ही काय काढलंत ते मी न बघताच सांगतो. पुढे चोचीसारखं टोक, चारही चाकं उघडी, मागे आडवी पट्टी आणि मधल्या खाचेत हेल्मेट घातलेला एकटा ड्रायव्हर. बरोबर ना?

मी काही मनकवडा नाही बरं का! मे महिन्याच्या सुट्टीत अहिल्यानगरला, म्हणजे आपल्या जुन्या नगरला, बहिणीकडे गेलो होतो. भाचा आणि त्याचे तीन मित्र ओसरीवर हीच चित्रं काढत बसले होते. तिघांच्या कागदांवर एकच गाडी, फक्त रंग निराळे. चौथ्या मुलाने मात्र आपला कागद पालथा घातला होता.

"बघू की तुझं," मी म्हटलं.

त्याने लाजत लाजत कागद उलटला. त्यावर ट्रक होता. त्याचे वडील मनमाड रोडला ट्रक चालवतात. बाकीचे फिदीफिदी हसले. "मामा, ट्रकची कुठे शर्यत असते का?" भाचा म्हणाला. त्या मुलाने कागद पुन्हा पालथा घातला.

मला ते फार लागलं. पण लगेच काही बोललो नाही.

मुलांनी काढलेली ती गाडी फॉर्म्युला वनची. तिची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९५० साली सुरू झाली. मलाही ती आवडते. २००५ साली नारायण कार्तिकेयन त्यात उतरणारा पहिला भारतीय ठरला, तेव्हा मीही टीव्हीसमोरून हललो नव्हतो. पण वनस्पती तुपाला लोक जसं सरसकट डालडा म्हणायचे, तसं मोटारींच्या शर्यतीला आपण फॉर्म्युला वनच म्हणू लागलो. बाकीच्या शर्यती जणू नाहीतच!

दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन पारनेर तालुक्यातल्या एका जत्रेला गेलो. तिथे बैलगाड्यांचा घाट होता. नगर-पुण्याकडच्या मुलांना ठाऊकच आहे, घाटात एका वेळी एकच गाडा सुटतो. निशाण पडतं, धुरळा उडतो आणि काही सेकंदांत बारी संपते. ज्याला कमी सेकंद लागले तो वरचढ. सातारा-सांगलीकडे मात्र अनेक गाड्या एकदमच सोडतात.

"आता सांगा," मी विचारलं, "यातली खरी शर्यत कोणती?"

"दोन्ही!" चौघेही ओरडले.

"मग मोटारींचंही तसंच आहे. फॉर्म्युला वन म्हणजे सगळ्या गाड्या एकदम सोडलेलं मैदान, आणि रॅली म्हणजे आपला घाट!"

रॅलीत गाड्या थोड्या थोड्या वेळाने एकेक सुटतात आणि घड्याळाशी झुंजतात. रस्ता मातीचा, वळणांचा, कधी चिखलाचा. गाडीत माणसं दोन. एक चालवतो आणि दुसरा वहीत बघून पुढचं वळण किती अवघड आहे ते ओरडून सांगतो. त्याचं एक वाक्य चुकलं तर गाडी थेट नाल्यात! आपल्या नाशिकच्या परिसरातही राष्ट्रीय रॅली स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत.

शेखर मेहता हे नाव ऐकलंय? युगांडात जन्मलेला, भारतीय वंशाचा हा माणूस. आफ्रिकेतली अतिशय खडतर सफारी रॅली त्याने पाच वेळा जिंकली. दिल्लीचा गौरव गिल आशिया-पॅसिफिक रॅलीत तीनदा विजेता ठरला, आणि २०१९ साली अर्जुन पुरस्कार मिळवणारा पहिला मोटार-शर्यतपटूही तोच. पुण्याचे संजय टकले २०२५ साली डकार रॅलीच्या जुन्या गाड्यांच्या गटात सौदी अरेबियाचं वाळवंट तुडवून आले. चौघांपैकी एकालाही यातलं एक नाव माहीत नव्हतं. दोष त्यांचा नाही. जे डोळ्यांसमोर येतच नाही, ते माहीत तरी कसं होणार?

आणि काही वेळा ते डोळ्यांसमोर येऊ नये, अशीही व्यवस्था होते. १९९९ साली युरोपीय आयोगाने फॉर्म्युला वनच्या कर्त्याधर्त्यांवर आक्षेप घेतला होता. टीव्ही कंपन्यांशी आणि शर्यतीच्या मैदानांशी केलेले करार असे आहेत, की दुसऱ्या शर्यतींना वावच राहू नये, असं आयोगाचं म्हणणं होतं. शेवटी २००१ साली नियम बदलण्याचं ठरलं आणि ते प्रकरण मिटलं. आता गंमत ऐका. तक्रार करणाऱ्यांत एक जर्मन कंपनी होती. ती कशाच्या शर्यती टीव्हीवर दाखवायची, माहीत आहे?

ट्रकच्या!

हे सांगितलं तेव्हा आम्ही परतीच्या वाटेवर चहाच्या टपरीवर बसलो होतो. तो चौथा मुलगा बिस्कीट चहात बुडवायचंच विसरला.

मग मी सगळंच सांगितलं. युरोपात ट्रकच्या शर्यती वर्षानुवर्षं होतात. फॉर्म्युला वनची गाडी भरते आठशे किलोच्या आसपास, तर शर्यतीचा ट्रक पाच टनांहून जास्त! वेगाला ताशी १६० किलोमीटरची मर्यादा असते. एवढं धूड वळणावर आवरताना ब्रेक इतके तापतात, की त्यांच्यावर पाण्याचा फवारा मारावा लागतो. आपल्याकडे दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला फॉर्म्युला वनसाठी खास मैदान बांधलं होतं. तिथे २०११ ते २०१३ अशी तीनच वर्षं ती शर्यत झाली. पुढच्याच वर्षी, २०१४ साली, त्याच मैदानावर ट्रक धावले. आधी परदेशी चालक होते. २०१६ पासून मात्र आपले भारतीय ट्रक-ड्रायव्हर शिकून-सवरून त्यात उतरले. हमरस्त्यावर माल वाहणारी माणसं! २०१७ नंतर त्या शर्यती झाल्या नाहीत.

का नाही झाल्या, असं भाच्याने विचारलं. नेमकं कारण मी कसं सांगणार? पण एवढं मात्र खरं, की खेळ टीव्हीवर दिसला नाही की जाहिरातदार येत नाहीत, ते नाहीत म्हणून पैसा नाही, आणि पैसा नाही म्हणून खेळ टीव्हीवर दिसत नाही. रहाटगाडगंच ते! मोठ्या झाडाखाली रोपं जगत नाहीत. त्यात झाडाचा द्वेष करण्याचं कारण नाही, पण थोडं ऊन रोपांनाही मिळायला हवं ना?

पालकांनाही एक सांगावंसं वाटतं. फॉर्म्युला वनपर्यंत पोचायला कोट्यवधी रुपये लागतात. "ते आपलं काम नाही," असं आपण मुलांना सांगतो, आणि खरंच सांगतो. पण मुलांना वाटतं, की मोटारींचं सगळं जगच आपल्यासाठी बंद आहे. तसं नसतं. वही वाचणारा, इंजिन जुळवणारा, ब्रेक तपासणारा, वेळ नोंदवणारा, अशी कितीतरी माणसं त्या जगात लागतात. आपल्या नगरच्या वाहननगरमध्ये सरकारी संस्थेचे लोक रोज गाड्यांच्या चाचण्या घेतात, तेही याच जगातले.

घरी आल्यावर त्या मुलाने आपला कागद शोधून काढला. ट्रकच्या दारावर मोठ्ठा ७ नंबर घातला, मागे धुरळा काढला आणि म्हणाला, "मामा, हे बाबांना दाखवू का? ते आज रात्री येणारेत."

दाखव म्हणालो. या वेळी कुणीच हसलं नाही. भाचा तर खोडरबर घेऊन आपल्या गाडीला मातीचा रस्ता काढत बसला होता.

तुमचा कागद अजून जवळ आहे ना? उलटा आणि मागच्या बाजूला दुसरी एखादी गाडी काढा बरं!