मदनमहालची चढण

जबलपूरची मदनमहाल टेकडी सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला डोंगर म्हणून दाखवली, तर तो सौजन्याने हसेल. कळसूबाईची उंची १६४६ मीटर. इथे शहराच्या छपरांवर जेमतेम डोके काढलेली शिळांची रास. चढ मात्र उभा आहे. सुरुवातीच्या गप्पा वरपर्यंत टिकवणारे थोडेच.

सह्याद्रीचा काळा पाषाण थरांनी रचलेला असतो, त्याची लय पायांना ठाऊक असते. इथला ग्रॅनाइट शंभर कोटी वर्षांहून जुना आणि झिजून गोलावलेला. धोंडे एकमेकांवर नुसते टेकलेले दिसतात. त्यांतल्या एका प्रचंड शिळेने दुसरीवर इतक्या थोड्या जागेत तोल सांभाळला आहे की पाहणारा नकळत पाऊलभर मागे सरतो. २२ मे १९९७ च्या पहाटे भूकंपाने शहरातली घरे पाडली, माणसे दगावली. ती शिळा ढळली नाही.

माथ्यावरचा महालही एका अजस्र खडकावर बसवलेला आहे. परंपरा तो गोंड राजा मदनसिंहाचा मानते. महाल हे नाव त्याला जरा मोठेच होते. टेहळणीची चौकी म्हणावी एवढाच त्याचा पसारा.

पुण्याहून सुटीत आलेल्या नातवाला घेऊन एक मराठी गृहस्थ इथवर चढतात. त्यांचे घराणे भोसल्यांच्या अमलात इथे आलेले. घरात अजून पुरणपोळी होते. बोलण्यात हिंदी केव्हा मिसळते ते कुणाच्या ध्यानातही येत नाही. नातवाने सिंहगड, राजगड पाहिलेले आहेत.

"आजोबा, हा किल्ला महाराजांनी कधी घेतला?"

"हा गोंडांचा. राणी दुर्गावतीच्या राज्यातला."

दुर्गावती सांगणे सोपे आहे. १५६४ साली मोगल सरदार आसफखानाशी लढताना तिने प्राण दिला. ती कथा कुठल्याही मराठी घरात अभिमानाने ऐकली जाते. पण गढा-मंडल्याचे गोंड राज्य तिच्याबरोबर संपले नाही. ते पुढे दोन शतकांहून अधिक काळ, क्षीण होत होत, टिकले आणि १७८१ मध्ये सागरच्या मराठी अंमलदारांनी ते बुडवले. १७९८ मध्ये पेशव्यांनी हा मुलूख नागपूरकर भोसल्यांना दिला. १८१७-१८ च्या युद्धात तो इंग्रजांकडे गेला. मराठी अंमल पुरता चाळीस वर्षांचाही नाही. घराणी मात्र राहिली.

"मग आपण इथे कसे आलो?"

आजोबांच्या ओठांवर 'विस्तार' हा शब्द येतो. शाळेतल्या पुस्तकात तोच होता. धाप लागल्याचे निमित्त करून ते क्षणभर थांबतात.

"त्यांचे राज्य आपल्या लोकांनी घेतले म्हणून."

मुलगा खडकात रुतलेल्या त्या बुटक्या वास्तूकडे पाहत राहतो.

"आणि ते लोक कुठे गेले?"

"जातील कुठे? इथेच आहेत. मंडल्याला, दिंडोरीला. या शहरातही."

उतार गुडघ्यांना चढापेक्षा कठीण जातो. मुलगा पुढे जातो, वळणावर थांबतो आणि हात पुढे करतो.