बांधाचे राहिलेले काम

परळ, मुंबई

चि. अद्वैत यास अनेक आशीर्वाद.

हिंदमाताला दर पावसाळ्यात पाणी का तुंबते, असे तू डेल्फ्टहून विचारलेस. नालेसफाईला बोल लावायला जागा आहेच, पण दुखण्याचे मूळ एका जुन्या बांधात आहे असे माझे ठाम मत आहे. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामध्ये पूर्वी मोठी खांड होती. भरतीचे पाणी तिच्यातून आत शिरून भायखळ्याकडच्या सखल भागात पसरे. गव्हर्नर हॉर्नबीच्या कारकिर्दीत, 1784 च्या सुमारास, ती बांध घालून बुजवली. हाजीअलीजवळचा लाला लजपतराय मार्ग त्याच बांधावरून जातो. समुद्र बाहेर राहिला, पण आतली जमीन सखलच राहिली आणि पावसाचे पाणी आत कोंडले.

रायगडच्या खाडीकाठचा शेतकरी असे अर्धवट काम करत नाही. खारजमिनीचा मातीचा बांध लहानसा, पण त्यात उघाडी असतेच. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने तिचे झाप आपोआप मिटते, ओहोटी लागली की आतले पाणी ते ढकलून बाहेर पडते. बांधाला खांड पडली तर खारे पाणी भातशेतीत घुसते, आणि उघाडी गाळाने बुजली तर तेच भात गोड्या पाण्यात कुजते. म्हणून देखभाल दोन्हींची. तुमच्याकडे किंडरडाइकच्या पवनचक्क्या 1740 च्या सुमारास पाणी उपसत होत्या, म्हणजे आपला बांध होण्याच्या चाळीसेक वर्षे आधी. आत साचेल ते बाहेर काढायचे, हे बांध घालणाऱ्यानेच अंगावर घ्यायचे असते.

तू म्हणशील, 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्यापुढे कुठली व्यवस्था टिकणार? कबूल. पण हिंदमाताला एरवीचा जोराचा पाऊसही पुरतो, भरतीची वेळ तेवढी गाठली पाहिजे. कारण समुद्र चढलेला असताना गटारांची तोंडे पाणी सोडूच शकत नाहीत. भराव घालून जमीन उंच केली की, असेही कुणी म्हणेल. भराव पडला, पण तो सारखा नाही. उंचावरचे पाणी उतरून बशीसारख्या हिंदमाताच्या चौकात जमते. बांधच नको होता असे मात्र मी म्हणणार नाही, त्याच्यामागेच तर मध्य मुंबई वसली. हाजीअली, लव्हग्रोव्ह, ब्रिटानिया ही उदंचन केंद्रे गेल्या दीडेक दशकात झाली. दादरला प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळला झेवियर्स मैदानाखाली टाक्या बांधल्या. भरतीत पाणी तिथे धरून ठेवायचे, ओहोटीला सोडायचे. ही उघाडीचीच रीत, आणि मला ती योग्य वाटते. मात्र पंप काय, टाकी काय, एकदा बांधून भागत नाही.

तिकडे पाण्याची निवडून आलेली मंडळे आहेत आणि ती त्यासाठी स्वतंत्र कर घेतात. तो कर कसा आकारतात, हिशेब लोकांपुढे कसा ठेवतात, हे नीट समजून घे आणि मला सविस्तर लिही. आपल्या वॉर्डात ते मांडायला हवे.

तुझा,
काका