सातवीच्या इंग्रजीची टिपणं

1
न्यू जर्सीत मिडल स्कूल म्हणजे साधारण सहावी ते आठवी. मी सातवीला इंग्रजी शिकवते. या विषयात व्याकरण थोडं आणि गोष्टी पुष्कळ. शिवाय वाद कसा घालावा हे अभ्यासक्रमातच आहे, त्यामुळे घरी ज्यासाठी ओरडा बसतो त्याला इथे गुण मिळतात.

2
अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांनी 2010 च्या आसपास कॉमन कोअर ही अभ्यासक्रमाची चौकट घेतली. पुढे काहींनी ती सोडली, काहींनी नाव बदललं. त्या चौकटीत पाचवीपर्यंतची मुलं 'ओपिनियन' लिहितात आणि सहावीपासून 'आर्ग्युमेंट'. मधे फक्त उन्हाळ्याची सुट्टी असते.

विरुद्ध बाजूची दखल घ्या, ही अट मात्र सातवीला येते. सहावीत दुसरी बाजू नसली तरी चालतं.

3
मागच्या भिंतीवर ॲरिस्टॉटलची तीन पोस्टरं: इथॉस, पॅथॉस, लोगॉस. बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याच्या भावना, मुद्द्यातला तर्क. छापणाऱ्याने पॅथॉसखाली भिजलेल्या कुत्र्याच्या पिल्लाचा फोटो टाकलाय. चाचणीत लोगॉस पुष्कळांचं चुकतं. पॅथॉस कोणाचंच नाही.

4
'सिमिली (उपमा) शोधून अधोरेखित करा.' एकाने 'आय लाइक पिझ्झा'खाली रेघ मारली.

5
ऑक्टोबरात एडगर ॲलन पोची 'द टेल-टेल हार्ट'. 1843 ची गोष्ट, हॅलोविनच्या तोंडावर बरोबर बसते. निवेदक म्हाताऱ्याचा खून करतो, प्रेत फळ्यांखाली दडवतो, पोलीस येतात, आणि त्याला जमिनीखालून हृदयाची धडधड ऐकू यायला लागते. मी वेडा नाही, हे तो पहिल्यापासून सांगत असतो.

प्रश्न नेहमीचाच: आवाज कशाचा? बहुतेकांचं उत्तर, त्याचं स्वतःचं हृदय. अपराधाची जाणीव वगैरे. हे उत्तर मुलं मोठ्या भावंडांकडून घेऊन येतात.

तिसऱ्या तासाला एक मुलगा आहे, एरवी फक्त किड्यांवर बोलतो. तो म्हणाला, "मिस, तो किडा आहे." वर्ग हसला. त्याने पान उघडून दाखवलं. खुनाच्या आधी एका ओळीत भिंतीतल्या डेथवॉच किड्यांचा उल्लेख आहे, आणि आपण रात्रीमागून रात्री त्यांचा आवाज ऐकत बसतो, हे निवेदक स्वतःच सांगतो. हा किडा जुन्या लाकडात राहतो, जोडीदाराला बोलवायला डोकं लाकडावर आपटतो, टकटक करतो. जुन्या लोकांना ती मरणाची चाहूल वाटायची. घर जुनं, जमीन लाकडी.

मागून एक मुलगी: मग आवाज वाढत का जातो? किडा जवळ येत नाही, निवेदक घाबरत जातो. तो म्हणाला, किडे दोन असतील. ती म्हणाली, हे गोष्टीत कुठे आहे?

घंटा झाली. दावा, पुरावा, प्रतिदावा, पुराव्याची मागणी, सगळं झालं होतं. मी फळ्यावर फक्त तारीख लिहिली होती.

6
'अनरिलायेबल नॅरेटर', म्हणजे भरवसा ठेवू नये असा निवेदक, ही संज्ञा समीक्षक वेन बूथ यांच्या 1961 च्या पुस्तकातून आली. पोचं तोवर संज्ञेवाचून काही अडलं नव्हतं.

7
एका पालकांची ईमेल: 'आमचा मुलगा खोटं बोलत नाही, हे त्याने स्वतः आम्हाला सांगितलं आहे.'

8
कथानकाचा डोंगर. चढ, शिखर, उतार. गुस्टाव फ्राइटाग नावाच्या जर्मन लेखकाने 1863 साली ही आकृती काढली तेव्हा त्याच्यासमोर पाच अंकी शोकांतिका होत्या. त्याचं शिखर बरोबर मध्यावर आहे, कारण त्या नाटकांत मध्यानंतर नायकाची घसरण चालू होते. आमच्या वर्कशीटवर शिखर उजवीकडे सरकलंय. उताराला जागा बोटभर.

सिनेमे बघून सरकलं असावं, असा माझा अंदाज.

9
फोरशॅडोइंग, म्हणजे पुढच्या घटनेची आधीच दिलेली चाहूल, दुसऱ्या वाचनात दिसतं. वेळापत्रकात दुसरं वाचन नाही.

10
निबंधाचं सूत्र: क्लेम, एव्हिडन्स, रीझनिंग. पहिली दोन मुलांना जमतात. तिसऱ्या ठिकाणी सगळे एकच वाक्य लिहितात: 'यावरून माझं म्हणणं सिद्ध होतं.' कशावरून, ते नाही.

संस्कृतच्या तासाला शिकलेला न्यायशास्त्रातला पंचावयव आठवला. प्रतिज्ञा: पर्वतावर आग आहे. हेतू: कारण धूर आहे. उदाहरण: जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात. उपनय: या पर्वतावर तसाच धूर आहे. निगमन: म्हणून आग आहे. आमची मुलं तिसरी पायरी गाळतात, आणि गाडी तर तिसऱ्या पायरीवरच चालते. ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी 1958 मध्ये साधारण याच जागेवर बोट ठेवलं: पुराव्यापासून दाव्यापर्यंत तुम्ही कोणत्या परवान्यावर गेलात? अमेरिकेतल्या लेखनवर्गांत हल्ली त्यांचं नाव चालतं. न्यायशास्त्र्यांचं कोणी घेत नाही, आणि मीही स्टाफरूममध्ये घेत नाही, कारण मग 'भारतात सगळं आधीच होतं' ही चर्चा सुरू होते.

फळ्यावर डोंगर काढला, वर धूर. मागच्या बाकावरून: "मिस, मुलांच्या बाथरूममध्ये धूर असतो. आग नसते."

व्हेपिंग. जुन्या तर्कग्रंथांत याची सोय आहे. समोर दिसतंय ते धूर की वाफ, हाच संशय असेल तर हेतू कच्चा. त्याला पूर्ण गुण दिले. ही माहिती त्याच्याकडे कुठून आली, ते मी विचारलं नाही.

11
विषय: शाळा उशिरा भरावी का?

निबंध चांगला होता. मिडल आणि हायस्कूल साडेआठच्या आधी भरवू नये, ही अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीची 2014 ची शिफारस त्यात होती. कॅलिफोर्नियाचा कायदाही होता, 2019 मध्ये सही झालेला, 2022 पासून लागू: मिडल स्कूल आठच्या आधी नाही, हायस्कूल साडेआठच्या आधी नाही. मुद्दा दुसरा: या वयात लवकर झोप येत नाही.

अपलोड केल्याची वेळ रात्री पावणेबारा. तोही पुरावा धरला.

12
जेवणाच्या सुट्टीत ऐकलेलं: "तू भातावर केचप घालतोस. तुला पुस्तकातलं काय कळणार?"

मुद्दा सोडून माणसावर घसरणं. धडा पुढच्या महिन्यात आहे.

13
विरुद्ध बाजूचा परिच्छेद मुलं असा लिहितात: 'काही लोक म्हणतील की फोनमुळे लक्ष विचलित होतं. पण ते चूक आहेत.' काही लोक कोण? बहुधा आई.

शंकराचार्यांच्या भाष्यात पूर्वपक्ष कधीकधी इतका नेटका येतो की वाचणाऱ्याला तोच पटायला लागतो, आणि मग सिद्धान्ताला खरोखर काम पडतं. मुलांना एवढंच सांगितलं: समोरच्याचा मुद्दा असा लिही की वाचून तो म्हणेल, हो, मला हेच म्हणायचं होतं. एकीने तसा लिहिला. इतका चांगला की शेवटी तिचंच मत बदललं आणि निबंध उलटा संपला. आमच्या गुणांच्या तक्त्यात याला रकाना नाही. 'दाव्यात सातत्य' यात तिचे दोन गुण जातात.

मी ते कापले नाहीत. विचारलं तर कारण सांगेन.

14
शिक्षकांची बैठक. विषय: फोनबंदी. प्रत्येक जण 'तुमच्या मताचा आदर आहे' असं म्हणून सुरुवात करत होता. मत कोणाचं होतं हे शेवटपर्यंत कळलं नाही.

15
डिसेंबर. ओ. हेन्रीची 'द गिफ्ट ऑफ द मॅजाय', 1905. बायको केस विकून नवऱ्याच्या घड्याळासाठी साखळी घेते, नवरा घड्याळ विकून तिच्या केसांसाठी कंगवे घेतो. आयरनी शिकवायला यापेक्षा सोपी गोष्ट नाही, म्हणून सगळे हीच घेतात.

पहिली प्रतिक्रिया: दोघांनी एकमेकांना आधी विचारलं का नाही? दुसरी: रिटर्न करता आलं असतं. ती बरीच रंगली. पावती होती का, साखळीच्या दुकानाने परत घेतली असती का, कापलेले केस परत कोण देणार. मी थांबवणार होते. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, केस वाढतात. घड्याळ वाढत नाही. नवऱ्याचं नुकसान जास्त झालं.

मग दोन तट पडले. घड्याळ वडिलोपार्जित होतं, ते गेलं ते गेलंच. उलट बाजू: नवऱ्याने वस्तू विकली, तिने अंगावरचं विकलं, दोन्ही एकाच तराजूत कशी घालता? एकाने हिशेब मांडला की कंगवे पुढे कधीतरी वापरता येतील, साखळी कधीच नाही, म्हणजे तिची भेटही वाया जाते. हे लेखकाच्या डोक्यात होतं का, मला माहीत नाही. गोष्टीत आहे खरं.

आर्ग्युमेंटचा धडा फेब्रुवारीत आहे. तेव्हा 'शाळेत गणवेश असावा का' यावर हीच मुलं जांभया देतील.

16
पालकसभा. एक मराठी बाबा. नाव बघून आधी हसले, मग खुर्ची पुढे ओढून मराठीत: "मॅडम, आता तुमच्याशी आपल्या भाषेत बोलतो. गणितात ए आहे, सायन्समध्ये ए आहे, मग इंग्लिशमध्येच बी कसा? मी स्वतः आयटीत वीस वर्षं काढली. हिची आई रात्रभर झोपली नाही. आणि मागच्या चाचणीची सरासरी काढली तर एकोणनव्वद पूर्णांक सहा येते."

पत, भावना, तर्क. भिंतीवरच्याच क्रमाने. पोस्टरांकडे त्यांची पाठ होती.

मुलगी शेजारी बसली होती. ती पोस्टरांकडे बघत होती आणि हसू दाबत होती. बी चुकीचा नव्हता, पण तिला पुढच्या वेळी तो पडणार नाही हे मला तिथेच कळलं.

17
लँग्स्टन ह्यूजची 'थँक यू, मॅम', 1958. रात्री एकटी चाललेली थोराड बाई, तिची पर्स हिसकावणारा पोरगा. ती त्याला पकडते, घरी नेते, तोंड धुवायला लावते, जेवायला घालते. आपणही तरुणपणी काही गोष्टी केल्यात, असं सुचवते. कोणत्या, ते सांगत नाही.

मुलांना तेवढंच हवं असतं. काय केलं होतं तिने? अंदाज आणि अनुमान यांतला फरक इथे शिकवायचा: अनुमान करणाऱ्याने ओळ दाखवायची. "तिनेही पर्स चोरली असणार." ओळ दाखव. "तिने त्याला ज्या सफाईने पकडलं ते बघा ना. त्याने कसं पळायचं ठरवलं असेल, हे तिला आधीच माहीत आहे."

पोलिसाच्या मुलाने हे सांगितलं.

18
कविता महिना, एप्रिल. एकमेकांच्या कविता तपासायचा कागद: 'किमान तीन अलंकार आहेत का?'

एकाने आजोबांच्या बर्फ उपसायच्या फावड्यावर लिहिलं. आजोबा आता नाहीत, फावडं गॅरेजमध्ये आहे, बर्फ पडल्यावर बाबा नवीन फावडं वापरतात. संपली कविता. शेजाऱ्याचा शेरा: 'छान आहे. अलंकार 0. घाल.' त्याने मुकाट्याने घातले. फावडं सिंहासारखं झालं, बर्फ कापसासारखा.

काश्मीरच्या मम्मटाने अकराव्या शतकात काव्याची व्याख्या करताना, क्वचित अलंकार नसला तरी चालेल, अशी सवलत ठेवली होती. आमच्या कागदावर ती नव्हती. आता हाताने लिहून घातली आहे. कवितेची पहिली प्रत मी मागून घेतली.

19
'माझं क्रोमबुक माझा द्वेष करतं.' चेतनगुणोक्ती. तंत्रज्ञांचा शेरा: बॅटरी.

20
थीम एका शब्दात लिहायची नाही, हा नियम. 'मैत्री' नाही चालणार, पूर्ण वाक्य हवं. मग येतं: 'मैत्री महत्त्वाची असते.' नियम पाळला गेला. कर्ता, क्रियापद, पूर्णविराम.

पुढचा प्रश्न मी फळ्यावर कायमचा लिहून ठेवलाय: ही गोष्ट न वाचता हे वाक्य लिहिता आलं असतं का?

21
वर्षाची शेवटची कादंबरी 'द आउटसायडर्स'. टल्सा शहरातल्या गरीब आणि श्रीमंत पोरांच्या टोळ्या, चौदा वर्षांचा निवेदक. शेवटच्या पानावर कळतं की सबंध कादंबरी म्हणजे त्याने इंग्रजीत नापास होऊ नये म्हणून मास्तरांसाठी लिहिलेला निबंध आहे. वर्ग उसासे टाकतो. एवढा मोठा निबंध?

लेखिका एस. ई. हिंटन, स्वतः टल्साच्या. पंधराव्या वर्षी लिहायला घेतली, 1967 मध्ये पुस्तक आलं तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. मुलीने लिहिलंय हे कळलं तर समीक्षक नाकं मुरडतील, म्हणून प्रकाशकांनी फक्त आद्याक्षरं छापली. आणि ज्या वर्षी त्या ही कादंबरी लिहीत होत्या, त्या वर्षी शाळेत क्रिएटिव्ह रायटिंगमध्ये त्यांना डी मिळाला होता.