सही करण्याआधी

आमची थोरली यंदा बारावीला बसली. परीक्षा झाली, निकाल यायचाय. येत्या श्रावणात तिला अठरा पुरी होतील. घरात जो येतो तो तिला काहीतरी सांगून जातो. धाकटे काका म्हणतात नर्सिंगला जा. शेजारचे गुरुजी म्हणतात कृषी पदवीला अर्ज भर. आत्याच्या मते शिकलीस तेवढं पुष्कळ झालं, आता स्थळं बघायला लागू. पोर सगळ्यांना "हो" म्हणते आणि चहाच्या कपबशा घेऊन आत येते.

मलाही वाटलं, आपण आई आहोत, आपणही चार शब्द सांगावेत. पण खरं बोल, मोठ्यांचा मान राख, हे तिला शाळेच्या भिंतीवर बारा वर्षं वाचायला मिळालंय. ते पुन्हा सांगून काय करायचं? म्हणून एका दुपारी कांद्याच्या चाळीत निवडायला बसलो असताना मी दुसरंच काढलं. म्हटलं, पोरी, अठरा पुरी झाली की तुझी सही कायद्याने धरली जाते. आजवर तू कुठल्या करारमदारावर नाव लिहिलं असतंस तरी तो तुझ्यावर बांधला गेला नसता. आता जाईल. तेव्हा पुढं काय व्हायचं ते हो, पण सही कुठं करायची आणि कुठं हात आखडायचा, एवढं माझ्याकडून शिकून जा.

ती हसली. "आई, सही करायला काय शिकायचंय?"

तिला हसू येणारच. आमच्या सासूबाई असत्या तर त्यांनीच तिला चांगलं सुनावलं असतं. त्या शाळेची पायरी चढल्या नव्हत्या, शेवटपर्यंत अंगठाच. पण १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं, त्याला गावातल्या बायांबरोबर भाकरी बांधून गेल्या होत्या. लाखांनी बाया जमल्या होत्या. तिथून आल्या त्या वेगळ्याच होऊन आल्या, असं मामंजी सांगत. पुढे काही वर्षांनी शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढला, की शेतकऱ्याने आपण होऊन काही जमीन घरच्या लक्ष्मीच्या नावावर करावी. मामंजींनी वीस गुंठे सासूबाईंच्या नावावर केले. तेव्हापासून त्यांच्या अंगठ्याला किंमत आली, आणि ती त्यांना पक्की ठाऊक होती.

कुणी कागद आणला की सासूबाई आधी एकाला वाचायला लावत. मान हलवत ऐकून घेत. मग तो माणूस बाहेर गेला की दुसऱ्याला बोलावून तोच कागद पुन्हा वाचून घेत. दोन्ही वाचणी जुळली तरच शाईत बोट बुडवायचं. लोक कंटाळत, तोंड वाकडं करत. एकदा सोसायटीचा माणूस म्हणाला, "आजी, विश्वास नाही का आमच्यावर?" सासूबाई म्हणाल्या, "विश्वास हाये म्हणून तर घरात घेतलं बाबा. कागद मात्र वाचून दाखव."

ही सावधगिरी काही उगाच आलेली नाही. आपल्याकडच्या कुणब्याने कागदापायी किती सोसलंय ते इतिहासात आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात बाजाराच्या दिवशी शेतकरी उठले, सावकारांच्या घरात शिरले. बऱ्याच गावांत त्यांनी काय केलं, तर खतं आणि रोखे बाहेर काढून जाळले. जिथं कागद सुखासुखी हाती आला, तिथं सावकाराला फारसा हातही लावला नाही. राग त्या कागदावर होता. लिहिलं असे काय, वाचून दाखवलं जाई काय, आणि अंगठा उठे कशावर! त्या दंग्यांनंतर सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. आता तुम्हाआम्हाला वाचता येतं. पण न वाचता सही करणारा आणि अंगठा उठवणारा यांत मला तरी फरक दिसत नाही. उलट अंगठेबहाद्दर परवडला, तो निदान दुसऱ्याला विचारतो.

तर थोरलीला मी एकेक सांगत गेले. कोऱ्या कागदावर, कोऱ्या धनादेशावर सही नाही, समोर देवमाणूस बसला असला तरी नाही. बियाणं घेतलं तर पक्कं बिल घ्यायचं, त्यावर लॉट नंबर आहे का बघायचं, आणि पिशवी, तिचा टॅग व मूठभर बी पीक निघेपर्यंत जपून ठेवायचं. उगवलं नाही तर तक्रार करायला हेच लागतं. बाजार समितीतून आलेली हिशोबपट्टी तिथंच उभं राहून वाचायची. वजन, भाव, हमाली, तोलाई सगळं. घरी आल्यावर वाचून काय उपयोग? आणि फोनवर जो आकडा येतो, ओटीपी, तो सांगणं म्हणजे सहीच करणं. हे तिने मला शिकवायला हवं, पण तिलाही बजावून ठेवलं.

जामीन राहण्याचं जरा सविस्तर सांगितलं, कारण तिथं शहाणी माणसं फसतात. आमच्या शेजारच्या वस्तीवर एकाने मेव्हण्याच्या ट्रॅक्टरला जामीन म्हणून सही केली. त्याला वाटलं, आपण ओळख देतोय. ही अमुक घरची माणसं, एवढंच सांगतोय. मेव्हण्याचे हप्ते थकले आणि नोटीस याच्या दारात आली. हा म्हणतो, आधी त्याच्याकडं जा, त्याचं काही नाही मिळालं तर माझ्याकडं या. तसं नसतं. करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर जामीनदार कर्जदाराइतकाच बांधला जातो, आणि देणेकऱ्याला थेट त्याच्याकडेही वसुली मागता येते. त्या घरातल्या दोन दुभत्या म्हशी गेल्या. मेव्हणा-मेव्हण्याचं बोलणं बंद झालं ते वेगळंच. मी थोरलीला म्हटलं, जामीन राहूच नको असं नाही. गावात एकमेकांना धरूनच राहावं लागतं. पण एवढे पैसे आपणच फेडायची पाळी आली तर फेडू शकू का, हे रात्री उशाशी घेऊन झोपायचं, आणि सकाळी उत्तर 'हो' आलं तर सही करायची.

इथवर ती "हं हं" करत होती. मग मी हक्कसोडाचं काढलं, तेव्हा तिचे हात थांबले.

माझे वडील २०११ मध्ये गेले. त्यांनी स्वतःच्या कष्टाने घेतलेली चार एकर जमीन, मृत्युपत्र केलेलं नव्हतं. आई, भाऊ, मी आणि धाकटी बहीण अशी चौघांची नावं वारस म्हणून सातबाऱ्याला लागली. भावाला विहिरीवरून पाईपलाईन करायची होती. बँकेत गेला तर ते म्हणाले, सगळ्या खातेदारांच्या सह्या आणा. गावातल्या जाणत्यांनी त्याला सल्ला दिला, दर वेळी बहिणींच्या दारात कुठं जातोस, एकदाच हक्कसोड करून घे. भाऊबीजेला आम्ही माहेरी गेलो. ओवाळून झालं, साड्या झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याला जायचं म्हणून गाडी सांगितलेली.

भावाची अडचण खोटी नव्हती, हे मी आजही म्हणते. पण मी त्याला म्हटलं, "दादा, कर्जासाठी सम्मती हवी ना? ती देते. हक्क सोडायचं मी अजून ठरवलेलं नाही." सम्मतिपत्र निराळं आणि हक्कसोडपत्र निराळं. पहिल्याने कर्जाचा बोजा इतर हक्कात चढतो आणि फेडला की उतरतो. दुसऱ्याने आपलं नावच जातं. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत एकदा ते नोंदवलं की पुढं मन बदललं म्हणून परत मिळत नाही. फसवणूक झाली म्हणायचं तर कोर्टाची पायरी चढावी लागते आणि ती सिद्ध करावी लागते.

धाकटीने सही केली. तिने कागद वाचला, विचार केला, म्हणाली, आमचं बरं चाललंय, दादाला राहू दे. तिचं मला काही चुकलं वाटत नाही. तिचा वाटा, तिने समजून सोडला. मी सोडला नाही, कारण आमच्याकडे तेव्हा दोन एकर कोरडवाहू, पदरात दोन लेकरं, आणि उद्याचं कुणी सांगितलंय? पण ह्याची किंमत पडली. तीन वर्षं भाऊ भाऊबीजेला आला नाही. आई मधल्यामध्ये रडायची. "एका एकरापायी माहेर तोडलंस," असं मावशीने चारचौघांत ऐकवलं. पुढे आईच्या दुखण्यात आम्ही दवाखान्यात आळीपाळीने बसलो, तिथं बोलणं सुरू झालं. आता जमीन भाऊच कसतो, मला वर्षाला दोन पोती गहू देतो. वहिनी चहा करते, पण पूर्वीसारखं "राहा की दोन दिवस" म्हणत नाही. हे सगळं मी थोरलीला सांगितलं. हक्क राखणं फुकटचं असतं असं तिला वाटायला नको.

कायद्याचंही सांगितलं, जितकं मला ठाऊक आहे तितकं. वाचणाऱ्या भगिनींनीही ध्यानात ठेवावं. बापाने स्वतः मिळवलेल्या मिळकतीत, मृत्युपत्र नसेल तर, बायको, मुलगे, मुली आणि हयात असेल तर त्याची आई, यांना सारखा वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच आहे. वाडवडिलांकडून आलेल्या जमिनीत मुलीला मुलासारखा जन्मापासूनचा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या लेकी त्यातून वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर सगळ्या मुलींना तो मिळाला, लग्न झालेलं असो वा नसो. त्या दिवशी बाप हयात असायला हवा होता का, यावर बरीच वर्षं वाद चालला. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तशी अट नाही. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेली वाटणी मोडत नाही. इतर धर्मीयांचे वारसा कायदे निराळे आहेत, त्यांनी ते जाणत्याला विचारावेत.

आणि हा सगळा हक्क कागदावर टिकतो तो फेरफारामुळे. तलाठ्याला २०२४ पासून सरकारदरबारी ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गावात मात्र तलाठीच. तर त्याची फेरफाराची नोटीस आली की ती टीव्हीमागे खोचून ठेवायची नाही. हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. वर्षातून एकदा आपला सातबारा आणि आठ-अ उतारा काढून नाव, क्षेत्र, बोजा जागच्या जागी आहे का ते बघायचं. आता फोनवरही दिसतो. उत्पन्नाचा, अधिवासाचा दाखलाही तिने यंदा स्वतः जाऊन काढावा, बापाला पाठवू नये, असंही म्हटलं. कचेरीची भीती एकदा मोडली की मोडली.

थोरली बराच वेळ गप्प होती. कांदे निवडून झाले तरी बसून राहिली. मग म्हणाली, "आई, मग आपल्या ह्या जमिनीत माझाही वाटा आहे?"

"आहे," मी म्हटलं.

"दादा काय म्हणेल?"

दादा म्हणजे तिचा चुलतभाऊ नव्हे, तिच्या पाठचा आमचा धाकटाच. दोन वर्षांनी लहान, पण घरात सगळे त्याला दादाच म्हणतात. तो चाळीच्या दारात सायकलला हवा भरत होता. त्याने ऐकलं होतं. पंप ठेवून आत आला आणि म्हणाला, "मला काय विचारता? माझी सही तर अजून चालत पण नाही."

रात्री जेवताना मी ह्यांच्या कानावर घातलं. ह्यांनी काही उत्तर दिलं नाही. भाकरी संपवली, हात धुतला, गोठ्यात चक्कर मारून आले. मग कपाटातून सातबारे, फेरफार आणि सासूबाईंच्या नावाचे जुने कागद ठेवलेली पत्र्याची पेटी काढली, दोघा पोरांना समोर बसवलं आणि थोरलीला म्हणाले, "मोठ्याने वाच. तुझं झालं की तो वाचेल."