करवंदीच्या जाळीतली रोपं

आमच्या आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात पाऊस इतका कोसळतो की इथं झाडाचं रोप पाण्यावाचून मरतं, हे बाहेरच्या माणसाला खरंच वाटत नाही. पण घराच्या वरच्या अंगाला आमची पडीक आहे. तिच्यावर मी बरीच वर्षं नजर ठेवून आहे आणि तिथं गेलेली बहुतेक रोपं होळीनंतरच्या उन्हात गेलेली मी पाहिली आहेत. पाऊस चार महिन्यांचा, कोरडं आठ महिने. वर वीतभर माती, तिच्याखाली मुरूम आणि मग काळा खडक. आषाढात या मातीत पाय रुततो, दिवाळी सरली की ती भराभरा वाळते. तोवर मूळ खडकाच्या ओल्या फटीत शिरलं असेल तर रोप तगतं.

म्हणून रोपाच्या उंचीवरून मी काहीच ठरवत नाही. पळसाचं रोप उन्हाळ्यात वरून पार वाळतं, काडीसुद्धा उरत नाही. पाऊस पडला की त्याच जागी नवा कोंब येतो. असं कैक वर्षं चालतं. तेवढ्या काळात जमिनीखालचं मूळ जाड होत जातं आणि पुरेसा जोर साठला की झाड सरळ वर निघतं. गुरं पळसाला सहसा तोंड लावत नाहीत, हाही त्याचा फायदा. जांभळाचं उलट. त्याचं बी वाळलं की मेलंच, म्हणून फळ पावसाच्या तोंडावर पिकतं आणि बी लगेच रुजतं. पण मृगाच्या सरी पडून मग पावसानं ओढ दिली, तर हेच नुकते रुजलेले कोंब सगळ्यात आधी माना टाकतात. त्यातही उताराचा भाग आहेच. उत्तरेकडच्या उतारावर ऊन कमी लागतं, ओल जास्त दिवस टिकते. दक्षिणेच्या अंगाला तेच रोप लवकर करपतं.

हिरड्याचं दुखणं मात्र उन्हाचं कमी आणि आमच्या हातचं जास्त आहे. हिरडा हे इकडचं नगदी उत्पन्न. बाळहिरडा म्हणजे आतली आठळी टणक होण्याआधी तोडलेलं कोवळं फळ. झाड झोडून सगळी फळं उतरवली तर पिकून खाली पडायला काही उरतच नाही, मग रोप येणार कुठून? माझी चुलती शेंड्याकडच्या फांद्यांना हात लावू देत नाही. "तेवढं झाडाचं," म्हणते. हिरड्याच्या पैशावर जिचा संसार चालतो तिनं हे म्हणावं, याचं मला फार मोल वाटतं.

बी पडलं तरी आईझाडाच्या पायाशी त्याला थारा कमीच. तिथं किडे आणि उंदीर टपलेले असतात, शिवाय रोपांची गर्दी झाली की रोगही लवकर पसरतो. जंगलांचे अभ्यासक जान्झेन यांनी 1970 साली आणि कॉनेल यांनी 1971 साली हीच गोष्ट मांडली : आईपासून दूर पडलेल्या बियांना जगायची संधी जास्त. हे दूर नेण्याचं काम आमच्याकडे बुलबुल, धनेश, वटवाघळं आणि उदमांजरं करतात.

आणि पाखरं बी टाकतात ते बरोबर करवंदीच्या जाळीत, कारण फळं खायला आणि बसायला ती तिथंच येतात. पडिकावर हिंडून बघा. उघड्या गवतात रोप क्वचित दिसेल. शेळ्या ओरबाडतात, कुसळी गवत ओल खेचून घेतं, आणि गवत कापताना विळ्याखाली रोपही जातं. करवंदीची जाळी वाकवून आत पाहिलं की मात्र जांभूळ, आळू, कुठं आंबासुद्धा उभा असतो. काट्यांमुळे गुरं आत शिरत नाहीत. सावलीनं माती थंड राहते, कुजलेल्या पानांनी ती भुसभुशीत होते. रोप जाळीच्या वर डोकं काढतं तोवर ते गुरांच्या तोंडाबाहेर गेलेलं असतं. घाणेरीचीही जाळी होते, पण दाट माजली की तिच्याखाली दुसरं काही वर येणं अवघड. म्हणून 'झुडपं साफ करा' असं कुणी म्हटलं की मला आधी विचारावंसं वाटतं, कुठली झुडपं? रोपवनाचे खड्डे घ्यायचे म्हणून करवंद तोडताना मी पाहिलं आहे. तिच्या आत आधीच वाढत असलेली झाडं त्याबरोबर गेली.

या सगळ्यावर पाणी फिरवतो तो वणवा. गवत चांगलं फुटतं म्हणून डोंगर पेटवतात. मोठ्या ऐनाला जाड सालीमुळे फारसं काही होत नाही, पण बोटाएवढ्या रोपाची साल पातळ, ते तिथंच संपतं. पळसासारखं एखादं मुळातून परत फुटतं, पण दरसाल पेटलं तर तेही वर येऊ शकत नाही. वणवा थांबवल्याशिवाय केलेल्या लागवडीला काही अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्याकडे डोंगरउताराची पडीक असेल तर येत्या जूनमध्ये खड्डे घेण्याआधी तिच्यातून एकदा सावकाश फिरा. करवंदीच्या जाळ्या वाकवून बघा. जे आपोआप उगवलं आहे त्याच्याशेजारी काठी रोवा, म्हणजे गवत कापणाऱ्याला ते दिसेल. आणि संक्रांतीच्या आत बांधाकडेनं गवत कापून जाळपट्टा मोकळा करा.